बँकेची सुट्टी आणि सायकल

बँकेला सुट्टी म्हणजे पैसे काढता न येण्याचा दिवस, एवढीच माझी समजूत होती. इंग्लंडात मात्र तो सायकलीला फराळाची टोपली बांधून खेड्याकडे वनभोजनाला जाण्याचा दिवस ठरला.

सर जॉन लबक यांच्या १८७१ च्या कायद्याने तिथे अशा सुट्ट्या आल्या. त्यांतल्या तीन सोमवारी. त्या दिवशी मुदत भरणाऱ्या हुंड्यांचे पैसे दुसऱ्या दिवशी देण्याची सोय झाली, म्हणून बँका बंद ठेवता आल्या. पाठोपाठ दुकाने-कचेऱ्याही बंद राहू लागल्या. पुढे १८८५ साली स्टार्ली यांची बुटकी ‘रोव्हर’ सायकल आणि १८८८ साली डनलॉप यांचा हवेचा टायर आला. सरे परगण्यातले रिप्ले गाव तर सायकलस्वारांची पंढरीच बनले. सायकली स्वस्त झाल्यावर कारकून आणि कामगारही शहराबाहेर पडू लागले.

पण नुसत्या सुट्टीने भागत नाही. भरपगारी रजेचा कायदा व्हायला तिथेही १९३८ साल उजाडले. आपल्याकडे १८८१ च्या कायद्यानुसार बँकांना सुट्टी जाहीर होते. त्याही दिवशी माझे वडील पहाटे सायकलला दुधाच्या किटल्या अडकवून तालुक्याला जातात. सायकल त्यांच्यापाशी आहे, रानही आहे. बुडालेला दिवस भरून देणारे मात्र कोणी नाही.