पानगळीनंतरची ओळख

फाल्गुन सरत आला की साकोलीकडच्या आमच्या जंगलात पानं उरत नाहीत. शाळेत शिकवत होतो तेव्हा दर वर्षी याच दिवसांत मी पोरांना रानात न्यायचो. पावसाळ्यात पटापट नावं सांगणारी पोरं उघड्या खोडांपुढे मुकी व्हायची. मग मी त्यांना माझ्या आजाचं वाक्य ऐकवायचो : ‘पान झडलं तं सालीले इचार.’

आजा कोसा, म्हणजे टसर रेशीम, पिकवायचा. कोशाच्या अळ्या पावसाळ्यात ऐनावर सोडायच्या, पण झाडं हेरून ठेवायची उन्हाळ्यात. त्यामुळे ऐनाला (आम्ही त्याला ‘येन’ म्हणतो) सालीवरून ओळखणं हा त्याच्या पोटापाण्याचा प्रश्न होता. ऐनाची साल काळपट, जाड आणि खोल भेगांची. उभ्या-आडव्या भेगांनी तिचे लांबट चौकोन पडतात, थेट मगरीच्या पाठीसारखे. रानात वणवा फिरून गेला तरी मोठा ऐन सहसा उभा राहतो, तो या चिलखतामुळे.

नवखा माणूस इथे तेंदूशी गल्लत करतो, कारण तेंदूची सालही काळी आणि चौकोनी तडकलेली. पण तेंदूचे चौकोन लहान असतात आणि रंग विझलेल्या कोळशाचा. दोन्ही झाडं जवळजवळ असतील तर एक तळवा याच्यावर, एक त्याच्यावर ठेवून पाहा. मी पोरांना डोळे मिटून हेच करायला लावत असे. चारदा केलं की ओळख पक्की होते.

साल अशी तडकते का? खोड आतून दर वर्षी जाड होतं. बाहेरची साल मेलेली असते, तिला ताणता येत नाही. मग ती फाटते, आणि प्रत्येक जातीची फाटण्याची रीत वेगळी. सागाची साल करडी-तपकिरी, उथळ उभ्या रेघांची, बारीक पट्ट्यांनी सुटणारी. खैराच्याही लांब पट्ट्याच निघतात, पण आतून लालसर. धावडा खपल्या टाकतो. त्या गळाल्या की गुळगुळीत पांढुरक्या खोडावर देवीच्या व्रणांसारखे उथळ खळगे राहतात. कांडोळ तर कागदासारखे पापुद्रे सोडत पांढराफटक होतो. चांदण्या रात्री टेकडीवर तो एकटा उभा दिसला की त्याला भुताचं झाड का म्हणतात ते कळतं. बिजा, म्हणजे पश्चिमेकडचा बिबळा, ओळखायला सर्वांत सोपा, पण त्याला जखम झालेली असेल तरच. जखमेतून रक्तासारखा लाल डिंक ओघळून वाळलेला असतो. तो पाहायला म्हणून मात्र नवी जखम करू नका.

एक सावधगिरी हवी. कोवळं झाड फसवतं, कारण लहानपणी बहुतेक साली गुळगुळीतच असतात. उलट सावरीच्या कोवळ्या खोडावर काटे असतात आणि वय झालं की ते झिजतात. म्हणून पाहायचं ते वयात आलेलं झाड, आणि तेही छातीच्या उंचीवर. वनखातं खोडाचा घेर मोजतं तेही तिथेच, जमिनीपासून 1.37 मीटरवर.

अर्जुन मी मुद्दाम शेवटी ठेवला. ऐनाचा तो सख्खा भाऊ, कोशाच्या अळ्या त्याचंही पान खातात. पण साल अगदी उलट : गुळगुळीत, फिकट राखाडी, मोठ्या पातळ खपल्यांनी सुटणारी. जागा ओढ्याकाठची. आमच्या गावच्या ओढ्यावर असा एक होता. त्याच्या सावलीत मी पोहायला शिकलो. हृदयाच्या औषधाला अर्जुनसाल लागते म्हणून कुणीतरी एका रात्रीत त्याला चहूबाजूंनी सोललं. सालीच्या आतला जिवंत थर पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत नेतो. सगळं कडं काढलं की मुळं उपाशी राहतात. पुढच्या पावसाळ्यात त्याला पालवी आली, आम्हाला वाटलं वाचला. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात आली नाही. ते वाळलं खोड मी रोज शाळेत जाताना पाहत होतो.

अर्जुनसाल घेणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. दुकानदाराला एवढं विचारा : ही साल कुठून आणली, आणि ते झाड अजून उभं आहे का?