फर्मा केव्हा उतरवावा?

‘डॉक्टर, प्लास्टर कधी काढायचे?’ हा प्रश्न अस्थिरोगतज्ज्ञाला रोज ऐकावा लागतो. बेळगावात माझ्या रुग्णालयाच्या तळघराचे काम चालू असताना मात्र हा प्रश्न विचारण्याची पाळी माझी होती आणि मी तो विचारला नाही. डिसेंबरातील थंडीत, आदल्या दुपारी चार वाजता भिंतीचे काँक्रीट ओतले होते. फर्म्याचे पत्रे दुसऱ्या कामावर हवे असल्याने मिस्त्री सकाळी सातलाच ते उतरवू लागला. ‘‘डॉक्टरसाहेब, वाळली की भिंत!’’ मी मान डोलावली. फर्म्याबरोबर कोपऱ्याची कडही निघून आली. कोणाला इजा झाली नाही, हे सुदैव.

नंतर एका अभियंता स्नेह्याने माझे अज्ञान दूर केले. काँक्रीट वाळून घट्ट होत नाही. सिमेंट आणि पाणी यांच्या रासायनिक क्रियेतून त्याला बळ येते व थंडीत ही क्रिया मंदावते. म्हणून ‘वाळली’ हे निदानच चुकीचे.

आयएस ४५६ या भारतीय मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीनुसार साधे पोर्टलँड सिमेंट, १५ अंश सेल्सिअसपेक्षा कमी नसलेले तापमान आणि पाण्याचा पुरेसा मारा असेल, तर भिंतीचे उभे फर्मे १६ ते २४ तासांनी काढता येतात. थंडी असेल किंवा राखमिश्रित सिमेंट असेल, तर अधिक थांबावे. भिंतीला एवढा अल्प काळ पुरतो, कारण फर्मा निघाल्यावर तिला केवळ स्वतःचा भार उभ्याने पेलायचा असतो. स्लॅब आडवा व अधांतरी असतो. त्याचे टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्यास ७ दिवस, त्याहून मोठ्यास १४ दिवस ठेवावे लागतात.

प्लास्टर काढले म्हणजे रुग्णाने धावावे, असे नव्हे. तद्वत फर्मा निघाला म्हणजे भिंतीमागे माती भरण्यास मुभा मिळाली, असे नव्हे. मातीचा दाब आडवा असतो. तो पेलण्याइतके बळ भिंतीला आले आहे, असे अभियंत्याने सांगेपर्यंत थांबावे. दरम्यान किमान ७ दिवस, मिश्र सिमेंटास किमान १० दिवस, भिंत ओली ठेवावी.

घाईचे मोल किती, हे अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्याने पाहिले आहे. २७ एप्रिल १९७८ रोजी विलो आयलंड येथे वीजकेंद्राच्या शीतमनोऱ्याचे काम चालू होते. आदल्या दिवशी ओतलेल्या थराला पुरेसे बळ आलेले नसताना त्यावर भार पडला. त्याच्या आधाराने उभारलेला फर्म्यांचा व मचाणांचा डोलारा कोसळून ५१ कामगार प्राणास मुकले.

आपण प्लास्टरवर तारीख लिहितो. त्या सकाळनंतर माझ्या बांधकामावरील प्रत्येक फर्म्यावर खडूने तारीख आणि वेळ लिहिली गेली. घर बांधणाऱ्या वाचकांनीही एवढे अवश्य करावे, कारण फर्म्याखाली उभा असतो तो कोणाच्या तरी घरचा माणूस.