तोच वारा, निराळा दाब : मॉरिशसच्या हवामान अंदाजाची उकल

वारे आणि पाऊस : लेखांक सहावा

उष्ण कटिबंधातील समुद्रांवर वर्षाचे बहुतेक दिवस पूर्वेकडून वाहणाऱ्या वाऱ्यांना व्यापारी वारे म्हणतात. एडमंड हॅली यांनी १६८६ साली या वाऱ्यांचा नकाशा प्रसिद्ध केला आणि जॉर्ज हॅडली यांनी १७३५ साली त्यांच्या तिरप्या दिशेचा संबंध पृथ्वीच्या परिवलनाशी जोडला, हा इतिहास मागील लेखांकात येऊन गेला आहे. प्रस्तुत लेखांकाचा प्रश्न अधिक व्यावहारिक आहे. ज्या बेटावर महिनोन्‌महिने वारा एकाच दिशेने येतो, तेथे उद्याच्या हवेचा अंदाज कशाच्या आधारे बांधला जातो, आणि साधा दिवस व संकटाचा दिवस यांतील फरक कोणत्या लक्षणावरून ओळखला जातो, हे हिंदी महासागरातील मॉरिशस बेटाच्या उदाहरणाने येथे पाहावयाचे आहे. हे उदाहरण निवडण्यास कारण आहे. एकोणिसाव्या शतकात करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्या कोकणातील व दक्षिण महाराष्ट्रातील कुटुंबांचे वंशज त्या बेटावर आजही मराठी म्हणून ओळखले जातात, आणि बेटाला हवा पुरवणाऱ्या वाऱ्यांचाच विषुववृत्तापलीकडचा प्रवाह कोकणात पाऊस घेऊन येतो.

एक वारा, तीन हवामाने

मॉरिशस हे दक्षिण अक्षांश २० अंशांजवळ वसलेले ज्वालामुखीजन्य बेट असून त्याची लांबी सुमारे ६५ आणि रुंदी सुमारे ४५ किलोमीटर आहे. त्याच्या दक्षिणेस, ३० अंश अक्षांशाच्या आसपास, उंचावरील हवा खाली उतरून समुद्रावर साचते आणि तेथे जास्त दाबाचे विस्तीर्ण क्षेत्र तयार होते. अशा क्षेत्राला प्रत्यावर्त म्हणतात, आणि या विशिष्ट क्षेत्राला मॉरिशस, रियुनियन व रॉड्रिग्ज या मस्कारेन बेटांवरून मस्कारेन उच्चदाब हे नाव मिळाले आहे. तेथून विषुववृत्ताकडे निघालेली हवा पृथ्वीच्या परिवलनामुळे दक्षिण गोलार्धात डावीकडे वळते, आणि म्हणून मॉरिशसवर ती आग्नेयेकडून येते.

समुद्रावरून दूरचा प्रवास करून बाष्पाने भरलेली ही हवा पूर्व किनारा ओलांडते, तेव्हा तिच्यापुढे बेटाचे मधले पठार उभे असते. पठारावरील क्युरपीप शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच आहे आणि बेटाचे सर्वोच्च शिखर ८२८ मीटरांचे आहे. वर चढणारी हवा दर १०० मीटरांमागे जवळपास १ अंश सेल्सिअसने थंड होते, काहीशे मीटरांवर तिच्यातील बाष्पाचे सांद्रीभवन होऊन, म्हणजे बाष्पाचे जलबिंदू बनून, ढग तयार होतात, आणि डोंगराच्या अडथळ्यामुळे पडणारा हा प्रतिरोध पाऊस पठारावर सरींनी उतरतो. पश्चिम उतारावरून खाली येताना तीच हवा पुन्हा तापते, तिची सापेक्ष आर्द्रता घटते आणि ढग विरतात. त्यामुळे पूर्व किनाऱ्यावर वर्षाला सुमारे १,५०० मिलिमीटर, पठाराच्या सर्वांत ओल्या भागात ४,००० मिलिमीटरपर्यंत आणि पश्चिम किनाऱ्यावर जेमतेम ९०० मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरच्या धुक्यातून वाईच्या उन्हात उतरलेल्या वाचकाला हा फरक नवा नाही; तेथे सह्याद्री जे करतो, ते येथे त्याच्याहून बऱ्याच कमी उंचीचे डोंगर करतात.

मात्र एका बाबतीत हा पाऊस कोकणच्या पावसाहून वेगळा आहे. प्रत्यावर्तात वरून उतरणारी हवा दाबली जाऊन तापते, त्यामुळे साधारण दोन किलोमीटर उंचीवर खालच्या थंड, ओल्या हवेवर उबदार, कोरड्या हवेचा थर बसतो. उंचीबरोबर तापमान घटण्याऐवजी वाढण्याच्या या स्थितीला तापमानाची विपरीतता म्हणतात. वर चढणारा ढग या थरापाशी अडतो आणि त्याचा माथा पसरट होतो. त्याला गडगडाटी ढगाची उंची गाठता येत नाही, म्हणून व्यापारी वाऱ्याचा पाऊस बहुधा लहान सरींचा असतो, सर येते, वाऱ्याबरोबर सरकते आणि मागोमाग ऊन पडते. विपरीततेचा थर वर सरकला की सरी जोर धरतात आणि तो खाली आला की पठारही कोरडे राहते. अंदाज बांधणारे शास्त्रज्ञ हवामान फुग्यांना बांधलेल्या उपकरणांद्वारे या थराची उंची तपासतात ती याचसाठी.

अंदाजपत्रातील शब्द

मॉरिशसच्या हवामान सेवेचे मुख्य कार्यालय पठारावरील वाकोआ येथे आहे. तेथून निघणाऱ्या हिवाळी अंदाजपत्राची घडण ठरलेली असते. प्रारंभी दूरवरच्या प्रत्यावर्ताचा उल्लेख येतो; नंतर बेटाच्या पश्चिम भागात बहुतांशी निरभ्र आकाश आणि पूर्वेस, दक्षिणेस व उंच भागात ढगांसह अधूनमधून सरी, असे सांगितले जाते; कमाल व किमान तापमान किनाऱ्यासाठी निराळे आणि पठारासाठी निराळे दिले जाते; वाऱ्याची दिशा व सरासरी वेग सांगून झाल्यावर उघड्या जागी येणाऱ्या झोतांचा वेग वेगळा नोंदवला जातो; आणि शेवटी प्रवाळकट्ट्यांबाहेरचा समुद्र कसा असेल ते येते. यातील प्रत्येक भेद कामाचा आहे. किनाऱ्यावरील पोर्ट लुईस आणि पठारावरील क्युरपीप यांच्यात केवळ उंचीमुळे सुमारे पाच अंशांचा फरक पडत असल्याने संपूर्ण बेटासाठी एकच तापमान सांगणे निरर्थक ठरते. प्रवाळकट्ट्यांच्या आतले उथळ पाणी शांत दिसत असले, तरी कट्ट्याबाहेर व्यापारी वाऱ्याने उठवलेल्या लाटांवर दक्षिणेकडील दूरच्या वादळांतून निघालेल्या लांब लाटा चढतात, आणि मासेमारी करणाऱ्याचा जीव त्या बाहेरच्या पाण्यावर अवलंबून असतो.

बेटावर ऋतू दोनच मानले जातात, नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा आणि जून ते सप्टेंबर हिवाळा. मे व ऑक्टोबर हे संक्रमणाचे महिने होत. उन्हाळ्याचे सरासरी तापमान २४.७ आणि हिवाळ्याचे २०.४ अंश सेल्सिअस आहे. हिवाळ्यात आठवड्याचा अंदाज प्रामुख्याने प्रत्यावर्तांच्या चालीवर बांधला जातो. ते पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत असतात, आणि दोन प्रत्यावर्तांच्या मधल्या खोलगट भागातून दक्षिणेची शीत आघाडी, म्हणजे थंड हवेच्या लोटाची पुढची कड, वर येते. ती जवळ येताना वारा मंदावून उत्तरेकडे झुकतो; ती ओलांडून गेली की मागून येणारा प्रत्यावर्त आग्नेय वाऱ्याला पुन्हा जोर देतो, दाब चढतो, गारवा वाढतो आणि पूर्वेकडील उतारांवर सरी सुरू होतात. ऊसतोड जूनपासून डिसेंबरपर्यंत चालते ती या तुलनेने कोरड्या काळाचा फायदा घेऊन. भाद्रपदातला गणेशोत्सवही तेथे याच वाऱ्यात येतो. कोकणात गणपती पावसातून घरी आणला जातो, तर मॉरिशसमध्ये, जेथे गणेश चतुर्थी ही सार्वजनिक सुट्टी आहे, त्या वेळी हिवाळा सरत असतो.

उन्हाळ्यात मस्कारेन उच्चदाब दक्षिणेकडे सरकतो व दुबळा होतो, आणि दोन्ही गोलार्धांतील वारे जेथे एकत्र येतात तो आंतर-उष्णकटिबंधीय अभिसरण पट्टा उत्तरेकडून खाली येतो. व्यापारी वारा मंद असलेल्या दुपारी पश्चिम किनाऱ्यावर समुद्रावरून खारे वारे आत शिरतात, बेटाच्या उतारांवर ते आग्नेय वाऱ्याला समोरासमोर भिडतात, आणि एरवी कोरड्या असणाऱ्या पश्चिम बाजूला अचानक मुसळधार पाऊस होतो. वर्षाच्या सुमारे २,००० मिलिमीटर सरासरी पावसापैकी दोन तृतीयांश पाऊस उन्हाळ्यात पडतो.

वारा आणि दाब

याच काळात आग्नेय वाऱ्याचा अर्थ लावणे सर्वांत अवघड होते, कारण जोराचा आग्नेय वारा दोन अगदी विरुद्ध कारणांनी वाहू शकतो. दक्षिणेस प्रत्यावर्त बलवान झाला तरी तो वाढतो आणि उत्तरेस किंवा ईशान्येस चक्रीवादळ आले तरीही तो वाढतो, कारण दक्षिण गोलार्धात चक्रीवादळातील वारे केंद्राभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात आणि त्यांचा दक्षिणेकडील भाग व्यापारी वाऱ्याच्याच दिशेने वाहत असतो. झाडे त्याच बाजूला वाकतात, समुद्र त्याच बाजूने खवळतो. दोन्ही स्थितींतला भेद केवळ वायुभारमापक सांगतो. पहिल्या स्थितीत दाब चढा असतो, दुसरीत तो उतरत जातो.

हा उतारही जपून वाचावा लागतो. उष्ण कटिबंधात दाबाला रोजची भरती-ओहोटी असते. सकाळी दहाच्या सुमारास तो सर्वांत जास्त आणि दुपारी चारच्या सुमारास कमी असतो, आणि हा फरक दोन-तीन हेक्टोपास्कल, म्हणजे दाब मोजण्याच्या प्रचलित एककात दोन-तीन अंक, इतका भरतो. दहा वाजल्यानंतर काटा खाली आला म्हणून वादळ येत नाही. परंतु तो ज्या वेळी वर जायला हवा त्या वेळीही खाली जात राहिला, वारा आग्नेयेचा कायम राहिला आणि त्याचा जोर वाढत गेला, तर वादळाचे केंद्र थेट बेटाच्या रोखाने येत असल्याचे ते लक्षण असते.

हे ज्ञान पद्धतशीरपणे मांडणाऱ्यांत चार्ल्स मेल्ड्रम यांचे नाव अग्रभागी येते. स्कॉटलंडचे हे शिक्षक १८४६ साली मुंबईच्या शिक्षण खात्यात आले, १८४८ साली त्यांची बदली मॉरिशसला झाली आणि १८५१ साली त्यांनी तेथील हवामान संस्थेची स्थापना केली. पांपलमूस येथील वेधशाळेची कोनशिला १८७० साली बसली. तोवर वादळातील वारे अचूक वर्तुळात फिरतात असे धरून चालण्याची रीत होती, आणि वाऱ्याकडे तोंड केल्यावर केंद्र नेमके डाव्या हाताला काटकोनात असते, असा नियम खलाशी पाळत. बेटावर येणाऱ्या जहाजांच्या नोंदवह्या पडताळून मेल्ड्रम यांनी दाखवून दिले की वारे आतल्या बाजूला वळत जातात, त्यामुळे आग्नेय वाऱ्यात केंद्र ईशान्येस आहे असे समजून वायव्येकडे पळणारे जहाज प्रत्यक्षात अधिक उत्तरेस असलेल्या केंद्रावरच जाऊन धडकू शकते. कागदावरच्या एका कोनाची ही दुरुस्ती होती, पण तिच्यावर माणसांचे प्राण अवलंबून होते.

इशारा आणि त्याची वेळ

तरीही ज्ञान आणि बचाव यांत अंतर उरतेच. २९ एप्रिल १८९२ रोजी, जेव्हा वादळांचा ऋतू सरला असे मानले जात होते, तेव्हा आलेल्या चक्रीवादळात सुमारे १,२०० माणसे दगावली. वादळाचा डोळा, म्हणजे केंद्रातील शांत भाग, बेटावरून गेला, आणि त्यानंतर वारा उलट दिशेने परतून आला. एरवी डोंगरांच्या आडोशाला असणारे पोर्ट लुईस त्या क्षणी वाऱ्याच्या तोंडावर आले होते. आजही डोळ्याच्या शांततेत घराबाहेर पडू नये, अशी सूचना पुन्हा पुन्हा दिली जाते ती त्यामुळेच. फेब्रुवारी १९६० मधील कॅरोल चक्रीवादळात लाकडी व पत्र्याच्या घरांची दाणादाण उडाली आणि त्यानंतर बेटावर काँक्रीटची घरे सर्वत्र उभी राहिली. फेब्रुवारी १९७५ मधील झेर्व्हेझ चक्रीवादळात झोतांचा वेग ताशी २८० किलोमीटरपर्यंत नोंदवला गेला.

या अनुभवांतून घडलेल्या इशाऱ्यांच्या चार वर्गांची मांडणी विचार करण्याजोगी आहे. तिचा मापदंड ताशी १२० किलोमीटरचे झोत हा आहे. असे झोत येण्याच्या ३६ ते ४८ तास आधी पहिला वर्ग जाहीर होतो. शक्यतो दिवसाच्या उजेडाचे १२ तास हाती राहतील अशा बेताने दुसरा आणि उजेडाचे ६ तास राहतील अशा बेताने तिसरा वर्ग येतो. झोत प्रत्यक्ष नोंदले गेले व ते चालू राहण्याची चिन्हे असली की चौथा. घड्याळाच्या तासांऐवजी उजेडाचे तास मोजण्यात मोठे शहाणपण आहे, कारण खिडक्यांना फळ्या ठोकणे, होड्या ओढून घेणे आणि वृद्धांना आसऱ्याला नेणे ही कामे रात्रीच्या अंधारात होत नाहीत. पण ही मांडणी वाऱ्यासाठी आहे, पावसासाठी नव्हे. ३० मार्च २०१३ रोजी कोणतेही चक्रीवादळ नसताना पोर्ट लुईसमध्ये दोन तासांच्या आत सुमारे १५२ मिलिमीटर पाऊस पडला आणि ११ जण मृत्युमुखी पडले.

मराठी वाचकासाठी या सर्वाचा संबंध केवळ दूरच्या आप्तांपुरता नाही. जून ते सप्टेंबरमध्ये मस्कारेन उच्चदाबातून निघालेली हवा आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडते, उत्तर गोलार्धात आल्याने आता उजवीकडे वळते, आणि नैर्ऋत्य मोसमी वारा होऊन अरबी समुद्रावरून कोकणात दाखल होते. म्हणूनच भारतातील हवामानशास्त्रज्ञ त्या दूरच्या उच्चदाबाच्या बळावर लक्ष ठेवतात. मृगाच्या पावसाची वाट पाहणाऱ्या महाराष्ट्रात ही नोंद वर्तमानपत्रांतून दरवर्षी ठळकपणे यावयास हवी. आणि हवामानाचे वृत्त वाचणाऱ्याने, मग तो वाकोआचा असो की वेंगुर्ल्याचा, वाऱ्याची दिशा कळली म्हणून थांबू नये. दाब किती आहे आणि तो चढतो आहे की उतरतो आहे, हे विचारल्याशिवाय कोणताही अंदाज पुरा होत नाही.