गल्ल्याचे वजन आणि चित्रपटाची प्रत

पदवीच्या वर्गात मागणीचा सिद्धांत शिकवीत असताना एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न अद्याप माझ्या मनातून गेलेला नाही. ‘ॲव्हेंजर्स : एण्डगेम’ या २०१९ सालच्या अमेरिकन चित्रपटाने जगभरात सुमारे २८० कोटी डॉलर मिळविले. एवढ्या लोकांनी पदरचे पैसे मोजून ज्या मालाला पसंती दिली, तो निकृष्ट आहे असे म्हणण्याचा अधिकार समीक्षकाला कोणी दिला, असे त्याचे म्हणणे. वर्ग अर्थातच त्याच्या बाजूचा होता. पाठोपाठ दुसऱ्याने पुस्ती जोडली : गावात लागलेला एक मराठी चित्रपट चौथ्या दिवशी उतरला, तो चांगला असता तर उतरला असता काय? पहिल्या प्रश्नाने मी विचारात पडलो, दुसऱ्याने अस्वस्थ झालो. कारण चौकशी करता असे आढळले की, तो मराठी चित्रपट वर्गातील एकानेही पाहिलेला नव्हता. न पाहिलेल्या कृतीवर निकाल देण्याचा आत्मविश्वास त्यांना केवळ गल्ल्याच्या आकड्याने दिला होता.

वऱ्हाडातील मुलांना ही गोष्ट कापसाच्या उदाहरणाने चटकन कळते. अकोल्याच्या बाजारात गाडी आली की काट्यावर तिचे वजन होते. पण भाव ठरतो तो धाग्याची लांबी, ओलावा आणि कचरा पाहून. व्यापारी मूठभर कापूस हातात घेतो, धागा ओढून पाहतो आणि मग बोली बोलतो. सर्वांत जड गाडी म्हणजे सर्वांत उत्तम कापूस, असे येथे कोणी म्हणत नाही. पाणी मारलेला कापूस काट्यावर अधिक भरतो, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावे लागत नाही.

चित्रपटाच्या व्यापारात हा क्रम नेमका उलटा आहे. येथे आधी दाम आणि मग माल. शिवाय एकाच चित्रपटगृहात, एकाच रांगेत बसण्यासाठी उत्तम चित्रपटाला आणि रद्दी चित्रपटाला बहुधा सारखाच दर पडतो, आणि पसंत न पडल्यास पैसे परत मागण्याची सोय नाही. म्हणजे भावातून प्रत कळण्याचा मार्ग बंद. उरते ती केवळ विकलेल्या तिकिटांची संख्या. तीही पहिल्या तीन दिवसांची असेल, तर ती कशाची निदर्शक मानावयाची? ज्यांनी तिकिटे काढली त्यांतील जवळजवळ कोणीच चित्रपट पाहिलेला नसतो. तो आकडा अपेक्षेचा असतो. जाहिरातीचा, नटाच्या नावाचा आणि किती पडदे ताब्यात घेतले याचा असतो. समाधानाचा तो नसतो.

अतिमानवी नायकांच्या चित्रमालिका हे या व्यवहाराचे पूर्णत्वास गेलेले रूप होय. ‘एण्डगेम’ हा २००८ साली सुरू झालेल्या मालिकेतील बाविसावा चित्रपट. त्याच्या आदल्या वर्षीच्या भागात खलनायकाने चुटकी वाजवून निम्मी जीवसृष्टी नाहीशी केली आणि कथा तेथेच थांबविली. पुढे काय झाले हे जाणण्यासाठी जगभरचे लोक धावले; मुंबईत तर मध्यरात्रीनंतरही खेळ लागले. या गर्दीत गैर काही नाही. परंतु त्या तिकिटांनी मोजली गेली ती मुख्यतः आधीच्या चित्रपटांची पुण्याई. व्यापारात जिला पत म्हणतात ती ही. एक भाग ती कमावतो आणि दुसरा खर्च करतो. याच मालिकेतील २०२३ सालचा ‘द मार्व्हल्स’ सुमारे २० कोटी डॉलरवर थांबला आणि मालिकेत तळाला गेला. तो आधीच्यांहून दहापट वाईट होता असे त्याचा कट्टर विरोधकही म्हणणार नाही. मधल्या काळात पत खर्ची पडली होती, इतकेच. मार्टिन स्कोर्सेसी या ज्येष्ठ दिग्दर्शकाने २०१९ साली या चित्रपटांना जत्रेतील करमणुकीच्या पंक्तीला बसविले तेव्हा मोठा गदारोळ झाला. मला स्वतःला जत्रा आवडते, त्यामुळे ती टीका मला फारशी झोंबली नाही. माझा आक्षेप जत्रेला नसून, जत्रेच्या तिकीटविक्रीवरून नाटकाचा दर्जा ठरविण्याला आहे.

आमच्या या भागाला चित्रपटाच्या व्यापाराचा जुना परिचय आहे. वऱ्हाड १९५६ साली मध्य प्रदेशातून निघाला, ‘सी. पी. अँड बेरार’ हे प्रांताचे नाव त्याच्याही आधी पुसले गेले. परंतु चित्रपट वितरकांच्या नकाशावर ‘सी. पी. बेरार’ हा मुलूख अजून शाबूत आहे. वितरकांच्या कचेऱ्या अमरावतीस होत्या, त्यांच्या संघटनेचे ठाणे भुसावळला. त्या काळी प्रती मोजक्याच निघत. मोठ्या शहरातून निघालेली पेटी अमरावती, अकोला, खामगाव अशी फिरत येई आणि पेटीच्या आधी चित्रपटाची कीर्ती किंवा अपकीर्ती येऊन पोचलेली असे. यशाची मोजणी रुपयांत नव्हे, आठवड्यांत होई. पंचवीस आठवडे म्हणजे रौप्यमहोत्सव. केवळ अपेक्षेवर पंचवीस आठवडे कोणी चालत नाही. त्यासाठी आधी पाहून आलेल्या माणसाने शेजाऱ्याला सांगावे लागते. ते माप ओबडधोबड होते, पण माल पाहिल्यानंतरचे होते.

या दृष्टीने १९७५ हे साल पाहण्यासारखे आहे. ‘शोले’ त्या वर्षी १५ ऑगस्टला लागला आणि प्रारंभी व्यापाऱ्यांनी तो पडल्यातच जमा धरला. पुढे तोंडोतंड त्याची ख्याती पसरली आणि मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षे चालला. आजच्या तीन दिवसांच्या न्यायाने त्याला मूठमाती मिळाली असती. (पंचांचेही काही खरे नव्हे : फिल्मफेअरने त्याला एकच पारितोषिक दिले, ते संकलक माधव शिंदे यांना.) त्याच वर्षी ‘जय संतोषी माँ’ हा अल्प खर्चाचा चित्रपट तुफान चालला, बायका चपला बाहेर काढून आत जात आणि पडद्यावर नाणी उधळत. त्याच वर्षी दादा कोंडके यांचा ‘पांडू हवालदार’ आला, आणि तेंडुलकरांनी लिहिलेला, जब्बार पटेलांचा ‘सामना’ बर्लिनच्या महोत्सवात गेला. या चौघांना एकाच काट्यावर घालून काय निष्पन्न होणार?

दादांच्या सलग नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव गाठला, याची गिनीज बुकात नोंद आहे. शिक्षकवर्गाने त्यांच्याकडे पाहून नाके मुरडली, आणि मीही शिक्षकाच्याच घरात वाढलो. परंतु ‘सोंगाड्या’ला १९७१ साली दादरचे चित्रपटगृह मिळावे म्हणून शिवसेनेला रस्त्यावर उतरावे लागले होते, हे विसरून चालणार नाही. देव आनंदचा ‘तेरे मेरे सपने’ अधिक गल्ला देईल असा मालकाचा हिशेब होता. पडदा मिळाला नसता तर आज आपण म्हणालो असतो की, ‘सोंगाड्या’ चालला नाही.

लोकप्रियतेचा तिरस्कार मला मान्य नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. १९९१ सालचा ‘माहेरची साडी’ मी आईबरोबर अकोल्यात पाहिला. घरी परतल्यावर वडिलांनी त्या रडारडीची यथेच्छ थट्टा केली. आई काही बोलली नाही. आठ दिवसांनी मात्र आत्याला घेऊन पुन्हा जाऊन आली. चित्रपट म्हणून मी आजही त्याला वरची श्रेणी देणार नाही, पण आईने दुसऱ्यांदा काढलेल्या तिकिटाला मी पहिल्या तिकिटाहून अधिक किंमत देतो. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २०१६ साली शंभर कोटींच्या घरात गेला तो याच दुसऱ्या तिकिटाच्या बळावर. तोच चित्रपट त्याआधी बर्लिनलाही दाखविला गेला होता. याउलट चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ने व्हेनिसमध्ये सन्मान मिळविला, राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळविले, आणि गल्ल्याच्या बाबतीत तो ‘सैराट’च्या आसपासही फिरकला नाही. गर्दी आणि गुण यांचे वैर नाही; नातेही नाही, निदान जवळचे तरी नाही.

महाराष्ट्र सरकारने या प्रश्नाची दोन उत्तरे देऊन पाहिली आहेत. सत्तरच्या दशकात मराठी निर्मात्याला जमा झालेला करमणूक कर पुढील चित्रपटासाठी परत देण्याची योजना आली. ज्याचा गल्ला मोठा त्याला परतावा मोठा. पुढे समितीने गुण देऊन ‘अ’ आणि ‘ब’ दर्जा ठरवावा व त्यानुसार अनुदान द्यावे, अशी पद्धत आली. पहिलीत काटा होता, दुसरीत प्रत पाहणारा हात. हात लाचार किंवा आंधळा असू शकतो, ही तक्रार रास्त आहे. तथापि २०१५ साली बहुपडदा चित्रपटगृहांत मराठीला सोयीची वेळ राखून ठेवण्याचा निर्णय घ्यावा लागला, यावरून खरी अडचण निराळीच दिसते. सकाळी दहाचा एकच खेळ, तोही नोकरदाराला आणि विद्यार्थ्याला अशक्य अशा वेळी. मग तीन दिवसांचा गल्ला पाहून चित्रपट उतरवावयाचा आणि ती जागा मालिकेच्या नव्या भागाला द्यावयाची. अशा ठिकाणी गल्ला हा निकाल नसतो, आधीच दिलेल्या निकालाची अंमलबजावणी असते.

पुढच्या तासाला मी वर्गाला एक काम दिले. प्रत्येकाने एक चित्रपट निवडावा आणि पहिल्या सोमवारच्या गल्ल्याशेजारी दुसऱ्या सोमवारचा गल्ला मांडावा. मुलांनी हौसेने तक्ते करून आणले. एका मालिकेच्या चाहत्याने स्वतःच्या लाडक्या नायकाची घसरण पाहून थोडे तोंड वाकडे केले. चौथ्या दिवशी उतरलेल्या त्या मराठी चित्रपटाचा तक्ता ज्याच्याकडे होता, त्याने दुसऱ्या सोमवारचा रकाना कोराच ठेवला होता. शून्य लिहू की रेघ मारू, असे त्याने मला विचारले.