इंग्रजी लघुरूपे : चिन्ह जोडणीचे नव्हे, गाळलेल्या अक्षराचे

दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी वसवलेली वसाहत. बदलीमुळे अशा वसाहतींत राहायला येणाऱ्या मराठी कुटुंबांतील मुलांना घरी मराठी, मैदानावर हिंदी आणि शाळेत इंग्रजी अशा तीन भाषा वापराव्या लागतात. महाराष्ट्रातही २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवली जाते. या दोन्हीकडच्या मुलांना 'डोन्ट', 'डिडन्ट', 'इट्स' ही लघुरूपे लिहिताना अडचण येते.

'डिड नॉट'चे 'डिडन्ट' होताना 'नॉट'मधील 'ओ' गळतो. अक्षराच्या वर दिला जाणारा स्वल्पविरामासारखा अपॉस्ट्रॉफी त्या 'ओ'च्या जागी येतो. हे चिन्ह दोन शब्द जोडते, असा समज झालेली मुले ते 'एन'च्या आधी देतात. चिन्ह विसरल्यास अर्थच बदलू शकतो. 'आय विल'च्या लघुरूपातून ते काढले की 'आजारी' या अर्थाचा शब्द उरतो, तर 'शी विल'च्या लघुरूपातून 'शिंपला'.

मराठीला ही कल्पना परकी नाही. 'करतो आहे'चे आपण 'करतोय' करतो, मात्र तेथे चिन्ह देत नाही. पोथीतील 'प्रथमोऽध्यायः' या शब्दातील अवग्रह मात्र लोप पावलेला 'अ' दाखवतो. अपॉस्ट्रॉफीचे कार्यही तेच आहे.

शिकवण्याचा क्रमही महत्त्वाचा ठरतो. इंग्लंडमध्ये २०१४ साली लागू झालेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी लघुरूपांचे वाचन आणि दुसऱ्या वर्षी त्यांचे लेखन अपेक्षित आहे. घरीही मुलाने आधी लघुरूप ऐकावे, मग त्याचे पूर्ण रूप सांगावे, गळलेले अक्षर खोडावे आणि त्याच जागी चिन्ह द्यावे.

दोन ठिकाणी विशेष काळजी घ्यावी. 'विल नॉट'चे 'वोन्ट' होते, कारण जुन्या इंग्रजीत 'विल'ऐवजी 'वोल' असेही रूप प्रचलित होते. ते पाठच करावे लागते. 'इट्स' लिहिताना त्या जागी 'इट इज' किंवा 'इट हॅज' म्हणून पाहावे. वाक्य जुळले तरच चिन्ह द्यावे. 'त्याचे' या अर्थाच्या 'इट्स'ला ते लागत नाही.

अर्ज आणि औपचारिक पत्रांत मात्र पूर्ण रूपे लिहिणेच योग्य मानले जाते. त्यामुळे मुलाला लघुरूपाइतकेच त्यामागचे पूर्ण रूपही ठाऊक असणे आवश्यक आहे.