चौकशीचा गाजावाजा आणि दवाखान्याचा हिशेब

अमेरिकेच्या बातम्या वाचणाऱ्या आपल्या व्यापारी बांधवांना एक गोष्ट खटकली असेल. तेथे कोणाची तरी चौकशी सतत चालू असते. कधी राष्ट्राध्यक्षाची, कधी त्याच्या विरोधकाची, कधी एखाद्या दडवलेल्या फाईलची. दोन्ही पक्षांचे समर्थक त्यावर हमरीतुमरीवर येतात. आणि त्याच सुमारास, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, आरोग्यावरील सरकारी खर्चात कपात झाल्याची चार ओळींची बातमी असते. पहिल्या बातमीचा दुकानदाराच्या गल्ल्याशी फारसा संबंध नाही. दुसरीचा आहे. तो कसा, हे समजून घेण्यासारखे आहे.

अमेरिकेत नोकरदाराचा आरोग्य विमा बहुधा मालक उतरवितो. पासष्टी ओलांडलेल्यांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या सरकारी योजना १९६५ साली सुरू झाल्या. या तिन्हींत न बसणारा माणूस म्हणजे स्वतःचा धंदा करणारा. टॅक्सीवाला, शिंपी, सुतार, किराणा दुकानदार, शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर कपड्याचे किंवा मिठाईचे दुकान मांडून बसलेले भारतीय-पाकिस्तानी बांधव, हे सारे याच वर्गातले. यांना विमा बाजारातून विकत घ्यावा लागतो. पूर्वी मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर विमा कंपनी सरळ नकार देत असे. म्हणजे ज्याला गरज त्यालाच माल मिळत नाही, असा हा विचित्र बाजार होता.

राष्ट्राध्यक्ष ओबामांनी २३ मार्च २०१० रोजी सही केलेल्या कायद्याने दोन बदल केले. जुन्या आजाराच्या कारणाने विमा नाकारणे बंद झाले आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांना हप्त्यात सरकारी सवलत मिळू लागली. शिवाय दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना मेडिकेडमध्ये घेण्याची तरतूद झाली. मात्र २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने हा विस्तार राज्यांच्या मर्जीवर सोडला. पुढील काही वर्षांत सुमारे दोन कोटी माणसे विम्याखाली आली. या कायद्याला रिपब्लिकन पक्षाचे अंतिम मतदानात एकही मत पडले नव्हते. तेथूनच या भांडणाची सुरुवात झाली.

२०१७ चा उन्हाळा

सात वर्षे रिपब्लिकन पुढारी मतदारांना सांगत राहिले की सत्ता द्या, हा कायदा पहिल्या दिवशी रद्द करतो. कनिष्ठ सभागृहात त्यांनी तो पूर्ण वा अंशतः मोडण्यासाठी पन्नासहून अधिक वेळा मतदानही केले. २०१७ साली सत्ता मिळाली. ४ मे रोजी कनिष्ठ सभागृहाने २१७ विरुद्ध २१३ मतांनी विधेयक मंजूर केले. तेथील संसदेचा स्वतःचा एक मुनीम आहे, काँग्रेशनल बजेट ऑफिस. तो कोणत्याही पक्षाचा नाही. विधेयक आले की त्याचा जमाखर्च मांडणे एवढेच त्याचे काम. त्याने हिशेब दिला की या विधेयकाने दहा वर्षांत मेडिकेडचे ८३४ अब्ज डॉलर कमी होतील आणि २०२६ पर्यंत २ कोटी ३० लाख जादा लोक विम्याविना राहतील.

मतदानानंतर पाचच दिवसांनी ट्रम्प यांनी एफबीआयचे प्रमुख कोमी यांना बडतर्फ केले. १७ मे रोजी, निवडणुकीतील रशियाच्या हस्तक्षेपाचा तपास करण्यासाठी, रॉबर्ट म्युलर यांची विशेष वकील म्हणून नेमणूक झाली. ८ जूनला कोमींची साक्ष झाली तेव्हा सारा देश दूरदर्शन संचापुढे बसला होता. त्याच आठवड्यांत सिनेटचे रिपब्लिकन पुढारी बंद दाराआड आपले विमा विधेयक लिहीत होते. ते २२ जूनला बाहेर आले. अपंगांच्या एका संघटनेचे लोक चाकाच्या खुर्च्यांसह सिनेटमधील बहुमताच्या नेत्याच्या कार्यालयाबाहेर ठाण मांडून बसले, त्यांना पोलिसांनी उचलून नेले.

त्या वेळी दोन्ही बाजूंचा वैताग वेगवेगळ्या कारणांनी वाढला होता. डेमोक्रॅट समर्थकांची आस अशी की म्युलरचा अहवाल आला की राष्ट्राध्यक्ष जाईल आणि विमा आपोआप वाचेल. रिपब्लिकन मतदार म्हणत, आमच्या माणसाला चौकशीत अडकवून कामच करू देत नाहीत. माझ्या मते दोघेही चुकले. २८ जुलैच्या पहाटे रद्द करण्याचे शेवटचे विधेयक ४९ विरुद्ध ५१ मतांनी पडले. कॉलिन्स, मर्कोव्स्की आणि नुकतेच मेंदूच्या कर्करोगाचे निदान झालेले मॅकेन, या तीन रिपब्लिकनांनी विरोधात मत दिले. त्यात म्युलर यांचा काही हात नव्हता. जुना माल हटवून त्या जागी कोणता ठेवायचा हे सात वर्षांत रिपब्लिकनांनी ठरवलेच नव्हते, हे अपयशाचे खरे कारण. म्युलर यांचा अहवाल मार्च २०१९ मध्ये सादर झाला. ३४ जणांवर आरोप ठेवले गेले, पण रशियाशी संगनमत सिद्ध झाले नाही आणि राष्ट्राध्यक्ष गेला नाही.

गाजलेला हल्ला परतवला गेला तरी न गाजलेले लागले. ऑगस्ट २०१७ मध्ये विम्याची माहिती लोकांपर्यंत पोहोचविण्याच्या जाहिरातीचा खर्च १० कोटी डॉलरवरून १ कोटीवर आणला गेला. नाव नोंदविण्याची मुदत जवळजवळ निम्मी झाली. दुकानाची पाटी उतरवायची आणि मग गिऱ्हाईक येत नाही म्हणायचे, त्यातला हा प्रकार. डिसेंबरच्या कर कायद्याने विमा न घेणाऱ्याचा दंडही शून्य केला.

हजेरीचा कागद

कारागिरांनी लक्ष द्यावे असा भाग पुढे आहे. जून २०१८ पासून आर्कान्सा राज्याने मेडिकेडसाठी अट घातली : महिन्याला ८० तास काम केल्याचे दाखवा, नाहीतर नाव कमी. ऐकायला अट रास्त वाटते. धडधाकट माणसाने काम करावे, यात गैर काय? पण न्यायालयाने ती थांबवेपर्यंत, काही महिन्यांतच, सुमारे १८,००० लोकांचा विमा गेला होता. पुढे असे आढळले की त्यांपैकी अनेकजण काम करीत होते किंवा त्यांना सूट मिळायला हवी होती. तास भरले नाहीत म्हणून नाही, तास भरल्याची नोंद संगणकावर करता आली नाही म्हणून ते बाहेर पडले.

आपल्याकडील जरीवाला, पॉवरलूमवाला, फर्निचर घडविणारा मिस्त्री डोळ्यांसमोर आणा. एका महिन्यात रात्रंदिवस काम, पुढच्या महिन्यात मागणी नाही म्हणून हात रिकामे. त्याचे हजेरीपत्रक कोण ठेवतो? कारखान्यातल्या कामगाराला मस्टर असते, पगाराची चिठ्ठी असते. स्वतःच्या हातावर पोट असलेल्याकडे असते ती उधारीची वही.

आर्कान्साची हीच अट २०२५ साली साऱ्या देशाच्या कायद्यात आली. ४ जुलै २०२५ रोजी ट्रम्प यांनी सही केलेल्या कायद्यात मेडिकेडवर दहा वर्षांत ९०० अब्ज डॉलरहून अधिक कपात आहे. २०३४ पर्यंत एक कोटी लोक विम्याबाहेर जातील, असा मुनीमाचा अंदाज आहे. तासांऐवजी महिन्याला ५८० डॉलरची कमाई दाखविण्याची आणि हंगामी कामगाराला सहा महिन्यांची सरासरी धरण्याची सोय ठेवली आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरी कागद हवाच. आणि तारीख पाहा. ही अट १ जानेवारी २०२७ पासून साऱ्या विस्तारित राज्यांना बंधनकारक, आणि संसदेची निवडणूक नोव्हेंबर २०२६ मध्ये. म्हणजे मत आधी, झळ नंतर. ज्याने हे वेळापत्रक आखले त्याला व्यवहार कळतो, एवढे खरे.

दुसरा फटका विमा विकत घेणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला बसला. २०२१ मध्ये सवलत वाढवून नियम केला होता की मध्यम दर्जाच्या विम्यासाठी कोणालाही उत्पन्नाच्या साडेआठ टक्क्यांहून अधिक हप्ता पडू नये. हा नियम २०२५ अखेर संपला. त्यानंतर जुनी सीमा परत आली. दारिद्र्यरेषेच्या चौपटीवर एक डॉलर जरी उत्पन्न गेले तरी सवलत शून्य. नवराबायको दोघांचे कुटुंब असेल तर २०२६ साठी ही सीमा ८४,६०० डॉलर. समजा एका साठीच्या दुकानदार जोडप्याची वर्षाची मिळकत ८५,००० आहे. जुन्या नियमाने त्यांचा हप्ता वर्षाला ७,२२५ डॉलरच्या आत राहिला असता. आता पूर्ण हप्ता भरायचा, आणि त्या वयात दोघांचा तो २० हजारांच्या पुढे जातो. चारशे डॉलर जादा कमावले म्हणून तेरा हजारांची खोट! तेथील बाजारात विमा घेणाऱ्या प्रौढांपैकी जवळजवळ निम्मे हे छोट्या धंद्याचे मालक, त्यांचे नोकर किंवा स्वयंरोजगारी आहेत, म्हणजे हा भार नेमका कोणाच्या डोक्यावर पडला ते कळते.

ही सवलत वाचविण्यासाठी डेमोक्रॅटांनी सरकारी खर्चाचे विधेयक अडवून धरले आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून सरकारी कामकाज ४३ दिवस ठप्प झाले. अखेर त्यांच्या बाजूच्या आठ सिनेटरांनी साथ सोडली. बदल्यात मिळाले ते डिसेंबरात मतदान घेण्याचे वचन. समर्थकांचा संताप अनावर झाला. ११ डिसेंबरला मतदान झाले, ५१ मते सवलतीच्या बाजूने पडली, पण लागत होती ६०.

योगायोग असा की १२ नोव्हेंबर, ज्या दिवशी कामकाजाची कोंडी फुटली, त्याच दिवशी कनिष्ठ सभागृहात एपस्टीन प्रकरणाच्या फायली उघड करण्याच्या मागणीवर २१८ वी सही पडली. अल्पवयीन मुलींच्या शोषणाच्या आरोपाखाली अटकेत असताना २०१९ साली तुरुंगात मेलेल्या त्या धनाढ्याचे कोणकोणाशी संबंध होते, यावर देश बोलू लागला. सहाच दिवसांत ते विधेयक ४२७ विरुद्ध १ मताने संमत झाले. मुलींना न्याय मिळाला पाहिजे यात शंका नाही, ती चौकशी फालतू नव्हे. पण विम्याच्या सवलतीसाठी ६० मते जमली नाहीत आणि येथे ४२७ जमली, हा फरक दुकानदाराने ध्यानात ठेवावा असा आहे. फाईल उघडायला तिजोरीतून काही काढावे लागत नाही.

अशा वेळी तेथील मुस्लिम समाज काय करतो? लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागात, १९९२ च्या दंगलीनंतर, काही मुस्लिम वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पुढाकार घेऊन १९९६ मध्ये ‘उम्मा’ नावाचा मोफत दवाखाना उघडला. धर्म न पाहता गरिबाला तपासणे हा त्याचा बाणा. अशा दवाखान्यांना सदका आणि देणग्या उपयोगी पडतात, पण वस्तीतले दवाखाने मोठ्या प्रमाणावर चालतात ते मेडिकेडच्या पैशावर. रुग्णाचे कार्ड गेले की दवाखान्याचे उत्पन्न जाते आणि रांग मात्र वाढते.

आपला संबंध येतो तो औषधांतून. अमेरिकेत लिहून दिल्या जाणाऱ्या दर दहा औषधांपैकी सुमारे नऊ जेनेरिक असतात, त्यांत भारतीय कारखान्यांचा वाटा मोठा आहे, आणि अमेरिका ही भारतीय औषधांची सर्वांत मोठी निर्यात बाजारपेठ आहे. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ साली मुंबईत स्थापलेली सिप्ला त्या बाजारात आहे. रक्तदाबाची रोजची गोळी घेणारा माणूस विमा गेल्यावर ती दिवसाआड घेऊ लागतो. तारापूर, वाळूज किंवा गोव्यातल्या वेर्णा येथील औषध कारखान्यांना खोके, बाटल्या, लेबले, वाहतूक पुरविणाऱ्यांनी म्हणून मालाचे करार करताना २०२७ च्या पहिल्या तिमाहीतील मागणीचा अंदाज खरेदीदाराकडून आधीच लेखी मागून घ्यावा.