समुद्राखालची लपाछपी

लपाछपी तुम्ही सगळेच खेळता. ज्याच्यावर राज्य असतं, त्याला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? मागून येऊन कुणीतरी 'धप्पा' देईल याची! एकच गडी लपलेला उरला, तरी बिचाऱ्याला सारखं मागे वळून बघावं लागतं. पाणबुडीची लढाईही अशीच असते. फरक एवढाच, की तिथे डाव पुन्हा मांडता येत नाही.

पाणबुडी लपते कशी?

झाकण लावलेली रिकामी बाटली बादलीत टाका, ती तरंगेल. पाण्याने भरून टाका, ती तळाला जाईल. पाणबुडीला मोठमोठ्या टाक्या असतात. त्यांत समुद्राचं पाणी घेतलं की ती जड होऊन खाली जाते. वर यायचं असलं की दाबून साठवलेली हवा टाक्यांत सोडतात. हवा पाण्याला बाहेर ढकलते आणि पाणबुडी हलकी होऊन वर येते.

खोल पाण्यात उजेड पोचत नाही. आकाशातली विमानं शोधून काढणारं रडारही तिथे चालत नाही. चालतो तो फक्त आवाज! हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे १५०० मीटर. म्हणून पाणबुडी शोधायला 'सोनार' नावाचं यंत्र वापरतात. ते पाण्यात आवाज सोडतं आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकतं. नुसते कान देऊन दुसऱ्याच्या यंत्रांचा आवाजही टिपतं. पण आवाज सोडला की आपण कुठे आहोत हे शत्रूलाही कळतं. म्हणून पाणबुडीतले लोक आवाज न करता वावरतात. हातातला पाना खाली पडला तरी घात होऊ शकतो!

शिवाय समुद्राचं पाणी वर कोमट आणि खाली थंड असतं. या थरांमधून जाताना आवाजाची दिशा वळते. त्यामुळे वरच्या जहाजाला खालची पाणबुडी नेहमीच ऐकू येते असं नाही.

९ डिसेंबर १९७१ची रात्र

१९७१ साली भारत-पाकिस्तान युद्ध चालू होतं. 'हंगोर' नावाची पाकिस्तानी पाणबुडी आपल्या पश्चिम किनाऱ्याजवळ फिरत होती. तिने पाठवलेल्या रेडिओ संदेशांवरून आपल्या नौदलाला तिचा सुगावा लागला. तिला शोधायला 'खुकरी' आणि 'किरपाण' या युद्धनौका निघाल्या. म्हणजे राज्य आपल्यावर होतं!

'हंगोर'चं सोनार मात्र अधिक दूरचं ऐकणारं होतं. तिने आपल्या नौकांना आधी हेरलं. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळच्या समुद्रात तिने सोडलेला टॉर्पेडो 'खुकरी'वर आदळला आणि काही मिनिटांतच ती नौका बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिकांना वीरमरण आलं. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपल्या माणसांना वाचवण्याची धडपड केली, पण स्वतः मात्र नौका सोडली नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आलं.

त्यानंतर कितीतरी जहाजं आणि विमानं 'हंगोर'चा माग काढत राहिली. तरीही ती निसटून कराचीला पोचली.

एक लपलेली, शंभर शोधणारे

आता विचार करा. पाणबुडी होती एक, आणि तिला शोधायला केवढा खटाटोप! नौदलाच्या आजच्या डावपेचांतली मोठी गोष्ट हीच आहे. पाणबुडीचं खरं बळ टॉर्पेडोइतकंच तिच्या न दिसण्यात असतं.

१९८२ साली फॉकलंड बेटांवरून ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यात युद्ध झालं. २ मे रोजी 'काँकरर' या ब्रिटिश अणुपाणबुडीने 'जनरल बेलग्रानो' ही मोठी युद्धनौका बुडवली. ३२३ माणसं गेली. त्यानंतर अर्जेंटिनाच्या मोठ्या युद्धनौका आपल्या किनाऱ्याजवळच थांबून राहिल्या. अर्जेंटिनाकडेही 'सान लुइस' नावाची एक छोटी पाणबुडी होती. तिने एकही जहाज बुडवलं नाही. पण तिच्या धास्तीने ब्रिटिशांनी पाण्यातल्या भलत्याच आवाजांवर कितीतरी अस्त्रं खर्च केली!

आपल्या पाणबुड्या

आपल्या नौदलात पहिली पाणबुडी ८ डिसेंबर १९६७ रोजी आली. तिचं नाव 'कलवरी'. ती सोव्हिएत रशियाकडून घेतली होती. पुढे आपल्या मुंबईच्या माझगाव गोदीत पाणबुड्या तयार होऊ लागल्या. तिथे बांधलेली 'शाल्की' १९९२ साली नौदलात आली. नव्या 'कलवरी' जातीच्या सहा पाणबुड्याही तिथेच बांधल्या. त्यांतली पहिली २०१७ साली आणि सहावी, 'वागशीर', जानेवारी २०२५मध्ये नौदलात दाखल झाली.

या पाणबुड्या डिझेल आणि बॅटरीवर चालतात. बॅटरी भरायला इंजिन लागतं आणि इंजिनाला हवा लागते. त्यासाठी पृष्ठभागाजवळ येऊन एक नळी पाण्याबाहेर काढावी लागते. तेव्हाच पकडलं जाण्याचा धोका जास्त असतो. 'अरिहंत'सारख्या अणुपाणबुडीला ही अडचण नाही. आतला शिधा पुरेल तोवर ती पाण्याखाली राहू शकते. तिच्यावर अण्वस्त्रं वाहून नेणारी क्षेपणास्त्रं असतात. आपण अण्वस्त्र आधी वापरणार नाही, असं भारताने जाहीर केलं आहे. पण कुणी आपल्यावर टाकलंच, तर उत्तर द्यायला समुद्रात कुणीतरी लपलेलं आहे, हे शत्रूला ठाऊक असतं. म्हणून तो हल्ला करण्यापूर्वी दहादा विचार करेल. ही पाणबुडी असते ती लढाई होऊच नये म्हणून!

दीवला गेलात तर समुद्रकाठचं 'खुकरी'चं स्मारक जरूर पाहा. तिथे काचेच्या पेटीत त्या नौकेची छोटी प्रतिकृती ठेवली आहे. ती 'हंगोर' आज कराचीच्या संग्रहालयात उभी आहे. तिकडची मुलं ती पाहायला जातात, इकडची मुलं 'खुकरी'समोर हात जोडतात. आईबाबांबरोबर तिथे उभे राहाल, तेव्हा ही लपाछपी खेळावीच लागू नये असं तुम्हालाही वाटेल. आणि तरीही, आपण झोपलेले असताना समुद्राखाली जागं राहणाऱ्यांची आठवण ठेवा.